जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क : आधी नक्कल, मग दुरुस्ती



कापड विकणाऱ्या माणसाने कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आम्ही या धंद्यातले कारागीर नाही. पण या दुरुस्तीतल्या एका चुकीची किंमत आम्ही मोजली आहे आणि त्याच दुरुस्तीतला चांगला हुनरही जवळून पाहिला आहे. दोन्ही गोष्टी आपल्यापुढे ठेवल्या तर एखाद्या दुकानदाराचा हिशेब वाचेल आणि एखाद्या हुशार तरुणाला कामही मिळेल, या हेतूने हे लिहीत आहोत.

हकिगत थोडक्यात अशी. आमच्या वडिलांचा धंदा भागीदारीत होता. १९९८ साली आम्ही एक वापरलेला लॅपटॉप घेतला आणि एका प्रोग्रॅमरकडून फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचा छोटा प्रोग्रॅम करून घेतला. उधारी, माल, भागीदाराची उचल, नफ्याची वाटणी, सर्व त्यात लिहिले जाई. कागदी वह्याही होत्या. परंतु २६ जुलै २००५ च्या पावसात, ज्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, गोदामात पाणी शिरले आणि वह्यांचा लगदा झाला. लॅपटॉप घरी असल्यामुळे वाचला. पुढे नवे कॉम्प्युटर आले आणि तो कपाटात गेला.

वडील गेले, त्यांचे भागीदारही गेले. काही वर्षांनी भागीदारांच्या मुलीने विचारले, "भाईजान, अब्बांचा हिस्सा किती निघतो, ते एकदा पाहून सांगाल का?" मागणे वाजवी होते. उत्तर त्या लॅपटॉपमध्ये होते. लॅपटॉप सुरू केला तर आतून टक टक असा आवाज आला आणि पडद्यावर काहीच आले नाही.

पहिली चूक

आम्ही तो लॅपटॉप बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. त्याने डिस्क काढली, आपल्या नव्या कॉम्प्युटरला जोडली आणि पडद्यावर "डिस्क तपासून दुरुस्त करू का?" असा प्रश्न येताच हो म्हटले. चेकडिस्क रात्रभर चालली. सकाळी आमच्या फायलींच्या जागी एक नवा फोल्डर होता आणि त्यात शून्यापासून क्रमांक घातलेल्या निनावी फायलींची रांग. कोणत्या वर्षाचे खाते कुठे गेले, कळायला मार्ग नव्हता. डिस्क पूर्वीपेक्षा अधिक वाजू लागली होती.

चेकडिस्क हे निरोगी डिस्कवरची विस्कटलेली नोंद नीट लावण्याचे साधन आहे. ज्या डिस्कचे यंत्रच मरणपंथाला लागले आहे, तिच्यावर ते चालवणे म्हणजे फाटत आलेले जुने रेशीम धोबीघाटावर आपटणे. ते डिस्कवर लिहिते, जुनी नोंद पुसून नवी करते. जे चुकीचे लिहिले गेले ते परत आणता येत नाही.

तेथून आम्ही चारकोपला आलो. चारकोपची वसाहत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखली, हे जुन्या रहिवाशांना ठाऊक आहे. लहान लहान भूखंड, त्यावर लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधलेली घरे आणि कित्येक घरांच्या तळमजल्यावर एखादा गाळा. अशाच एका गाळ्यात आमचा भाचा लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो. त्याने डिस्क हातात घेतली, सर्व ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामू, आता हिला चालू करायचे नाही. जेवढे श्वास उरले आहेत, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची."

या धंद्याचा पहिला धडा त्या एका वाक्यात आहे. पुढचे जे लिहीत आहोत ते त्याच्या टेबलाशेजारी बसून शिकलेले आहे.

हार्ड डिस्क म्हणजे काय

हार्ड डिस्क हे कॉम्प्युटरमधले फिरते यंत्र आहे. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या मोठ्या कपाटात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. लॅपटॉपमध्ये बसणारी अडीच इंची डिस्क १९८८ च्या सुमारास आली. आत चकचकीत तबकड्या असतात. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉप डिस्कमध्ये त्या मिनिटाला ४,२०० च्या आसपास फेरे घेत. तबकडीच्या वर, हवेच्या पातळ थरावर, वाचणारे हेड तरंगते. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. त्यामुळे धुळीचा कणही तिथे दगडासारखा ठरतो.

म्हणून पक्के लक्षात ठेवावे : डिस्कचे झाकण गाळ्यात उघडायचे नाही. हेड बदलणे, तबकडी दुसऱ्या डिस्कमध्ये घालणे ही कामे धूळ गाळलेल्या हवेच्या प्रयोगशाळेत होतात. कारागिराने ज्या डिस्कला हात लावायचा नाही ती ओळखणे, हाही हुनरच आहे.

खरेच डिस्क बिघडली आहे का

जुना लॅपटॉप डिस्क दाखवत नाही, याचा अर्थ डिस्क गेली असा नेहमीच नसतो. तपास बाहेरून आत न्यावा.

पहिली तपासणी आतल्या लहान बॅटरीची. घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारी ही बॅटरी उतरली की १९९० च्या दशकातले कित्येक लॅपटॉप डिस्कचा प्रकार आणि मापच विसरतात. बायॉसमध्ये जाऊन माप पुन्हा भरले की डिस्क दिसू लागते. हीच बॅटरी जुनी झाली की गळते आणि बोर्डावरचे तांबे खाते. म्हणून गळणारी बॅटरी दिसली तर ती आधी काढावी.

दुसरी तपासणी वीजपुरवठ्याची. त्या काळच्या बोर्डांवरचे छोटे कपॅसिटर वयोमानाने गळतात. डिस्कला पुरेसा दाब मिळाला नाही तर ती फिरू लागते, थांबते, पुन्हा फिरते. ऐकणाऱ्याला वाटते डिस्क गेली.

तिसरी तपासणी जोडणीची. जुन्या अडीच इंची आयडीई डिस्कला ४४ पिना असतात आणि वीजही त्याच पिनांतून जाते : ४१ व ४२ क्रमांकावर ५ व्होल्ट. बाजूला थोडी जागा सोडून जंपरच्या चार पिना असतात. कनेक्टर एक घर सरकून बसला तर वीज भलत्या पिनेवर जाते आणि चांगली डिस्क क्षणात जळते. २० क्रमांकाची पिन मुद्दाम ठेवलेली नसते. ती रिकामी जागा पाहून, उजेडात, सावकाश जोडणी करावी.

यानंतर आवाज ऐकावा. अजिबात फिरत नसेल तर एकतर वरचा सर्किट बोर्ड गेला आहे किंवा हेड तबकडीला चिकटले आहे. जुन्या डिस्कमध्ये बंद होताना हेड तबकडीवरच टेकत असे, वर्षानुवर्षे तसेच राहिले की ते चिकटते. नीट फिरते पण फार सावकाश वाचते, तर तबकडीवर खराब जागा झाल्या आहेत. टक टक वाजते, तर हेडला आपली वाट सापडत नाही. यात पहिल्या दोन प्रकारांत गाळ्यात काही करता येते. तिसऱ्यात फार थोडे. काही जुन्या डिस्कमध्ये हेड थांबवणारा आतला रबराचा तुकडा मऊ होऊन डिंकासारखा होतो आणि हेड तिथेच अडकते, हेही ध्यानात असावे.

मात्र टक टक ऐकून लगेच निराश होऊ नये. कधी वीज कमी पडल्यामुळेही तसा आवाज येतो. यूएसबीच्या साध्या पोर्टमधून जुन्या डिस्कला सुरुवातीच्या झटक्याइतकी वीज मिळत नाही. भाच्याने आमची डिस्क वेगळा वीजपुरवठा असलेल्या ॲडाप्टरवर लावली तेव्हा टक टक कमी झाली आणि डिस्क अडखळत का होईना वाचू लागली. पहिल्या दुरुस्तीवाल्याने एवढेच पाहिले असते तर!

नक्कल कशी करावी

नक्कल म्हणजे फायली ओढून घेणे नव्हे. पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या निरोगी डिस्कवर एका फायलीत उतरवून घ्यायची. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तो फुकट मिळतो आणि लिनक्सवर चालतो. त्याची रीत शहाण्या मजुरासारखी आहे. जे सहज निघते ते आधी उचलतो, जिथे अडते ती जागा वहीत टिपून पुढे जातो आणि सगळे सोपे काम झाल्यावर अवघड जागांकडे परत येतो. मध्येच वीज गेली तरी ती टिपणवही असल्यामुळे काम जिथे थांबले तिथून पुढे चालते. साधा कॉपीचा प्रोग्रॅम पहिल्याच खराब जागी डोके आपटत बसतो आणि तेवढ्यात डिस्क दम तोडते.

येथे काही गोष्टींची सावधगिरी हवी.

खराब डिस्क विंडोजला जोडू नये. विंडोज न विचारता डिस्कवर काहीबाही लिहिते आणि वरून फॉरमॅट करू का असे विचारते. उत्तर नेहमी नाही.

कोणती डिस्क मूळ आणि कोणती नकलेसाठी, हे दोनदा पाहावे. उलट झाले तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. भाचा दोन्ही डिस्कवर कागदी चिठ्ठ्या लावतो, आणि आज्ञा देण्यापूर्वी दोन्हींचे माप पडद्यावर पुन्हा वाचतो.

फार जुन्या, म्हणजे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या डिस्क यूएसबी ॲडाप्टरवर पुष्कळदा ओळखल्याच जात नाहीत. त्यांच्यासाठी आयडीई पोर्ट असलेला एक जुना टेबलावरचा कॉम्प्युटर आणि ४४ पिनांचे ४० पिनांत रूपांतर करणारा तुकडा जवळ ठेवावा.

चिकटलेली डिस्क असेल तर ती सपाट धरून, तबकडी ज्या दिशेने फिरते त्या दिशेने मनगटाने एक झटका दिल्यास कधी कधी सुटते. हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. सुटली तर त्याच बैठकीत नक्कल पूर्ण करावी, बंद करून उद्यावर टाकू नये. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरते. मुंबईच्या हवेत तर विचारूच नये.

पाण्यात भिजलेली डिस्क कधीही चालू करून पाहू नये. तशीच प्रयोगशाळेत न्यावी.

प्रयोगशाळेत काय होऊ शकते याचे एक मोठे उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतताना तुटून पडले आणि त्यातले सातही अंतराळवीर, आपली कल्पना चावला धरून, मृत्युमुखी पडले. अवशेषांत एका प्रयोगाची जळलेली हार्ड डिस्क सापडली. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती बाहेर काढली आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. आगीतून पडलेली डिस्क वाचली, कारण तबकड्या शाबूत होत्या आणि कोणी मध्येच तिच्यावर काही लिहिले नव्हते. आमची डिस्क आगीतून गेली नव्हती. तिच्यावर फक्त एका रात्रीची चेकडिस्क चालली होती.

नकलेतून हिशेब

आमच्या डिस्कची नक्कल तीन दिवस चालली. थोडा भाग सोडून बाकी सर्व उतरले. मग खरे काम सुरू झाले. त्या निनावी फायलींत आमची खाती होती, पण नावे गेली होती. फॉक्सप्रोच्या साध्या डीबीएफ फायलीची सुरुवात एका ठरावीक खुणेने होते आणि पुढे रकान्यांची नावे लिहिलेली असतात. भाच्याने त्या खुणेवरून फायली वेगळ्या काढल्या आणि आम्ही रकाने पाहून सांगत गेलो, ही उधारीची, ही मालाची, ही भागीदाराच्या उचलीची. डीबीएफ फाइल आजही लिब्रेऑफिसमध्ये उघडते, ही मोठी सोय आहे.

सर्वच फायलींचे असे नसते. १९९० च्या दशकात मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आणि उर्दू मजकूर इनपेजमध्ये टाइप होत असे. तो युनिकोडमध्ये नाही. फाइल वाचली पण फॉन्ट गेला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून लग्नपत्रिका छापणारे, बिलबुके छापणारे आणि मजहबी किताबांचे काम करणारे यांच्या जुन्या डिस्कची नक्कल करताना फॉन्ट व प्रोग्रॅमचे फोल्डरही जपावेत. तेच जुन्या टॅलीचे. डेटा आधी नव्या आवृत्तीच्या स्वरूपात आणावा लागतो, म्हणून मूळ डेटा जसाच्या तसा वेगळा ठेवावा.

लॅपटॉप पुन्हा चालवायचा असेल तर

कोणी म्हणेल, फायली मिळाल्या, आता जुने खोके भंगारात द्या. काही वेळा ते बरोबर आहे. पण काही कारखान्यांत जुन्या यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम डॉसवरच चालतो, त्याला सीरियल पोर्ट लागतो किंवा मागच्या प्रिंटर पोर्टला लावायचे कुलूप लागते. भरतकामाच्या जुन्या यंत्रांचे पंचिंग करणाऱ्यांना हे सांगायला नको. तिथे त्या जुन्या लॅपटॉपची किंमत भंगाराच्या काट्यावर ठरत नाही.

अशा लॅपटॉपमध्ये पुन्हा जुनी फिरती डिस्क घालू नये. अडीच इंची आयडीई डिस्क आता नव्या बनत नाहीत. बाजारात मिळते ती वापरलेली किंवा वर्षानुवर्षे पडून राहिलेली. त्याऐवजी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड वापरावे. १९९४ साली निघालेले हे कार्ड विजेच्या भाषेत आयडीई डिस्कसारखेच बोलते. ४४ पिनांचा एक साधा ॲडाप्टर लागतो, तो लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात शोधावा. आवाज नाही, धक्क्याची भीती नाही, वीजही कमी लागते.

कार्डाचे माप मात्र लॅपटॉपच्या वयाप्रमाणे घ्यावे. फार जुने बायॉस ५२८ एमबीपर्यंतच पाहते, त्यानंतरच्या पुष्कळांची मर्यादा ८.४ जीबी आहे. डॉस ६.२२ मध्ये एक विभाग २ जीबीपेक्षा मोठा करता येत नाही. मोठे कार्ड घालून पैसे वाया घालवू नयेत. कार्ड घासाघीस करून स्वस्तातले घेण्यापेक्षा कारखान्याच्या वापरासाठी बनवलेले घ्यावे. आणि ज्या दिवशी यंत्र सुरू होईल, त्याच दिवशी त्या कार्डाचीही नक्कल करून ठेवावी.

उघडताना बॅटरी व चार्जर दोन्ही काढावेत. स्क्रू ज्या जागेचा त्या जागी, कागदावर चित्र काढून ठेवावेत. जुने प्लॅस्टिक बिस्किटासारखे तुटते, म्हणून जोर लावू नये.

धंदा म्हणून विचार

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. चांगले स्क्रू ड्रायव्हर, मीटर, दोन-तीन ॲडाप्टर, एक जुना आयडीई कॉम्प्युटर आणि नकलांसाठी एक मोठी निरोगी डिस्क. लागते ते धैर्य आणि नीयत. ग्राहकाची डिस्क ही अमानत आहे. तिच्यात त्याची उधारी आहे, घरातले फोटो आहेत, कधी भांडणाचे कागद आहेत. कामापुरते पाहावे, बाहेर बोलू नये. पावतीवर डिस्कचा नंबर लिहावा. काम सुरू करण्यापूर्वी ग्राहकाला स्पष्ट सांगावे की काय निघेल याची हमी नाही. मूळ डिस्क परत द्यावी. आणि नक्कल दिल्यावर किती दिवसांनी आपल्याकडची प्रत पुसणार, तेही लिहून द्यावे. टाकाऊ बोर्ड व बॅटऱ्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्याच्या अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्याव्यात.

ज्या डिस्कला हात लावणे आपल्या कुवतीबाहेरचे आहे, तिथे "हे माझ्याने होणार नाही, प्रयोगशाळेत न्या" असे म्हणणारा कारागीर त्या दिवशी थोडे पैसे गमावतो. पण पुढची दहा कामे त्याच्याकडेच येतात. आमच्या पहिल्या दुरुस्तीवाल्याला हे वाक्य सुचले नाही, एवढाच त्याचा दोष.

आता आमच्या हिशेबाचे काय झाले ते सांगून संपवतो. १९९८ ते २००४ या वर्षांपैकी दोन वर्षांची भागीदाराची खाती मिळाली नाहीत. नकलेत जिथे भोके होती, ती नेमकी तिथे पडली होती. बाकी वर्षांचे आकडे आम्ही कागदावर काढले आणि भागीदारांच्या मुलीला घरी बोलावून समोर ठेवले. न सापडलेल्या दोन वर्षांसाठी, मागच्या व पुढच्या वर्षांपैकी ज्या वर्षाचा नफा जास्त होता तोच धरला. ती म्हणाली, "भाईजान, एवढे नको." आम्ही म्हटले, वही आमच्या ताब्यात होती, ती जपण्याची जबाबदारीही आमचीच होती. जे आमच्याकडून हरवले त्याचा तोटा तुमच्या वाट्याला का यावा?

देणेघेणे लिहून ठेवावे, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पण लिहिलेले जपणे हाही त्याच शिकवणीचा भाग आहे. आपल्या कपाटात एखादा जुना लॅपटॉप पडून असेल तर तो कुतूहलाने चालू करून पाहू नका. आधी जाणत्या कारागिराकडे न्या आणि नक्कल करून घ्या. आणि आजचा जो हिशेब आहे, त्याच्या आजच दोन प्रती करा. एक दुकानात ठेवा, एक घरी.